भाडं कोणी भरलं?

गेल्या अंकात मनिऑर्डरीच्या खिडकीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्याची शिक्षा भोगतोय. पिशवीभर पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच: माणसं गाव का सोडतात, आणि ती गेल्यावर गावाचं काय होतं? मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली बरीचशी अमळनेर तालुक्यात. पैसे येताना पाहिले, माणसं जाताना पाहिली. बाकीचं सगळं निवृत्तीनंतरचं वाचन. पाच पत्रं निवडलीत. काहींना लांब उत्तर दिलंय, काहींना दोन ओळींत वाटेला लावलंय. रागावू नका.

नाना, आमचे आजोबा पारोळा तालुक्यातून १९७४ साली सुरतेला आले. मी लिंबायतला वाढले. आजी म्हणते, ‘दुष्काळानं हाकललं.’ माझा मुलगा कॉलेजात शिकतो. तो म्हणतो, ‘सुरतेच्या कारखान्यांनी ओढलं.’ खरं कोणाचं?
— एक वाचक भगिनी, सुरत

ताई, दोघांचंही खरं, पण दोघांनी मधली एक गोष्ट गाळली. दुष्काळ १९७२चा. आजोबा निघाले १९७४ला. मधली दोन वर्षं ते काय करत होते? बहुधा खडी फोडत होते. पाझर तलावाच्या, रस्त्याच्या कामावर आख्खं गाव असायचं. परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारी, खायचं आणि सुकडीसाठी पोरांना रांगेत उभं करायचं. ज्याच्या घरात काहीच नाही तो माणूस लांब जात नाही, तो जवळच्या दुष्काळी कामावर जातो. लांब जायला पैसे लागतात. रेल्वेचं भाडं तर आहेच, पण पहिला पगार हातात पडेपर्यंत महिनाभर तिथे खायचं काय, हा खरा खर्च. म्हणून ‘का गेले’ याच्या आधी मी नेहमी विचारतो, भाडं कोणी भरलं? ते कळलं की पुढची अर्धी गोष्ट कळते.

आयर्लंडचं घ्या. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर करपा पडला. गरिबाचं सगळं जेवण म्हणजे बटाटा. १८४१च्या शिरगणतीत तिथे सुमारे ८१ लाख ७५ हजार माणसं होती, १८५१ला राहिली सुमारे ६५ लाख ५० हजार. पाचातला एक माणूस नाहीसा. दहा लाखांच्या आसपास मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले. पण मेले ते कोण आणि गेले ते कोण? मेले ते सगळ्यात तळातले, बिनजमिनीचे. अमेरिकेचं तिकीट म्हणजे शेतमजुराची कित्येक महिन्यांची मजुरी. ते ज्याला जमलं, म्हणजे ज्याच्याकडे विकायला एखादी गाय, एखादं डुक्कर होतं, तो गेला. भूक दोघांनाही होती, गाय एकाकडेच होती.

काही ठिकाणी भाडं चक्क जमीनदारानं भरलं. माया आली म्हणून नव्हे. कंगाल कुळांना पोसण्याचा कर त्याच्या डोक्यावर होता. चार पौंड किंवा त्याहून कमी किमतीच्या जमिनीचा तो कर मालकानंच भरायचा. कुळाला पोसत बसण्यापेक्षा बोटीत बसवून देणं स्वस्त. वर जमीनही मोकळी, गुरं चारायला. असल्या दाटीवाटीच्या बोटींना लोक शवपेट्या म्हणत. १८४७ साली कॅनडातल्या ग्रोस आइल बेटावर उतरलेल्यांतले हजारो तापानं तिथेच गेले.

आणि मग तिसरा प्रकार, तो आपल्या ओळखीचा. आधी गेलेला भाऊ भाडं धाडू लागला. भाऊच कशाला, बरेचदा बहीण. न्यूयॉर्क-बोस्टनच्या घरांतून धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या आयरिश पोरींनी पाठवलेल्या पैशावर मागच्या पोरी निघाल्या. तिथे ‘अमेरिकेचं पत्र’ असा शब्दच पडला. पत्र म्हणजे आत पैसे असणार. दुष्काळ संपून गेला तरी माणसं जातच राहिली. मुद्दा लक्षात येतोय का? पहिली खेप करपा काढतो, दुसरी खेप पत्र काढतं.

आपल्याकडे सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी व्हॅलीचा रूळ पडला १९००च्या सुमारास. म्हणजे छपन्याच्या, १८९९-१९००च्या दुष्काळात वाट जवळजवळ तयार होती. तरी लिंबायत-उधना तेव्हा भरलं नाही, कारण तिकडे इतकी कामं नव्हती. जरी-रेशमाच्या जुन्या धंद्याला नायलॉन, पॉलिस्टरची जोड मिळाली, लूमचे शेड उठले, रंगाई-छपाईच्या मिली उभ्या राहिल्या, तेव्हा मागणी आली. तुमचा मुलगा म्हणतो ती ओढ हीच. पण वाट आणि ओढ दोन्ही असून माणूस हलत नाही. कोणीतरी आधी जाऊन खोली घेतलेली लागते. आमच्याकडे ती खोली बहुतेक वेळा मामाची असायची. एका खोलीत आठ जण, चार दिवसपाळीचे नि चार रातपाळीचे, त्यामुळे गादी कधी थंड व्हायची नाही. हे मला खिडकीवरच्या बायकांनी सांगितलेलं, मी पाहिलेलं नाही.

मी पाहिलं ते कूपन. मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, चार ओळी लिहिण्यापुरती. दोनशे रुपयांना दहा रुपये कमिशन जायचं, म्हणून लोक त्या पट्टीत कमिशन वसूल करून घेत. अक्षर मुंगीएवढं, कडेकडेनं, उभं-आडवं. ‘बैल विकू नको.’ ‘आखाजीला (अक्षय तृतीयेला) येत नाही, पाळी मिळते.’ ‘धाकल्याला शाळेतून काढू नको, काढलं तर पैसे बंद.’ बाई अंगठा उठवायची, नोटा मोजायची आणि मग म्हणायची, ‘भाऊ, आता वाचा.’ आधी पैसे, मग मजकूर, असाच क्रम. कूपन घडी करून कमरेच्या पिशवीत जायचं.

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची हूल उठली तेव्हा गाड्या उलट्या भरून आल्या. अमळनेर स्टेशनावर तोंडाला टॉवेल बांधलेली माणसं उतरत होती आणि गावात त्यांना ओट्यावरसुद्धा कोणी बसू देत नव्हतं. ती गर्दी सगळ्यांना आठवते. मला आठवतो त्यानंतरचा ऑक्टोबर. खिडकी ओस. पंधरा दिवसांत किराणावाल्यानं उधारी बंद केली, दवाखान्यात पुड्या उधार मिळेनात. सुरतेला गेलेल्या माणसांवर गावातलं किती काय उभं होतं, ते माणसं घरी परतल्यावर कळलं! दिवाळी झाली आणि बहुतेक सगळे पुन्हा गाडीत बसले. त्यांची काही प्लेगची भीती गेली नव्हती.

आजीला भाड्याचं विचारा आणि कळवा. माझा अंदाज, तिचे चांदीचे गोट गेले असणार.

नाना, माझे आईवडील दर दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. वर्गात सरांनी मॉरिशसच्या गिरमिटियांचं सांगितलं. मला वाटलं, हे तर आमचंच आहे. तसं म्हणणं चूक आहे का?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, नवापूर तालुका, जि. नंदुरबार

पोरी, चूक नाही. पण कुठे सारखं आणि कुठे वेगळं, ते नीट बघ, म्हणजे परीक्षेतही कामाला येईल.

दोन्हीकडे ऊसच आहे, तिथून सुरू कर. इंग्लंडच्या चहात पडणारी साखर गुलामांच्या कष्टावर निघत होती. १८३३च्या कायद्यानं गुलामी बंद झाली. सरकारनं दोन कोटी पौंड भरपाई दिली, तीही गुलामांना नव्हे, मालकांना. सुटलेले गुलाम पुन्हा त्याच मळ्यावर त्याच मालकापुढे वाकायला तयार नव्हते. का असावेत? मग मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिलं. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अॅटलस’ नावाचं जहाज छत्तीस मजूर घेऊन मॉरिशसला लागलं. त्यानंतर पाऊणशे-ऐंशी वर्षांत एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, सगळ्या वसाहती मिळून तेरा लाखांवर. बिहार, अवध, मद्रासकडची जास्त. आपल्या कोकणातलीही गेली, त्यांची मराठी घरं आजही तिथे आहेत.

भाडं कोणी भरलं? मळेवाल्यानं. म्हणून माणूस पाच वर्षं त्याचा. ‘अॅग्रीमेंट’चं झालं गिरमिट. सुरुवातीच्या काळात महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, या रिवाजाला तिथे ‘दुहेरी काट’ म्हणत. आता तुझ्या वडिलांना विचार, खाडा पडला तर मुकादम काय करतो. तुझं उत्तर तिथेच आहे.

मुकादम उचल देतो ती पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, नाहीतर लग्न-दवाखान्याच्या वेळी. म्हणजे भाडंही त्याचं, शिधाही त्याचा आणि नडही त्यालाच ठाऊक. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बाई पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते. हिशेबात मात्र एकच नाव, आणि ते बाईचं नसतं. हंगाम संपताना टनाचा हिशेब होतो आणि बरेचदा निघतं की उचल फिटली नाही. मग पुढच्या वर्षीचा कोयता आजच विकला गेला.

फरक कुठे? गिरमिट कागदावर होतं, सरकारी रजिस्टरात होतं, आणि मोडलं तर तुरुंग होता. उचल तोंडी असते, फार तर कोऱ्या कागदावर अंगठा. तुरुंग नाही, पण दाद मागायला कागदही नाही. दुसरं, गिरमिटिया समुद्रापार गेला की पाच-पाच वर्षं गावाचं तोंड दिसत नसे, अनेकांना कधीच दिसलं नाही. तुझे आईवडील चैत्र-वैशाखात परत येतात. हे बरं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. परत येतात म्हणून घर टिकतं. आणि दरवर्षी परत येतात म्हणूनच तिथल्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या तळावर पक्की शाळा, दवाखाना कोणी बांधत नाही. मजुराला म्हातारपणी पोसायचं, त्याची पोरं वाढवायची, हा सगळा खर्च नवापूरच्या गावावर, साखर तिकडे.

मॉरिशसची पुढची गोष्ट मात्र मला फार आवडते. युरोपात बिटापासून साखर निघू लागली, भाव पडले, आणि १८८०नंतर मळेवाल्यांना मळे झेपेनात. त्यांनी कडेकडेचे तुकडे पाडून विकायला काढले. घेतले कोणी? पै-पै साठवलेल्या जुन्या गिरमिटियांनी. म्हणजे ज्या साखरेच्या भावानं त्यांना नेलं, त्याच भावाच्या घसरणीनं त्यांना जमीन दिली. इकडे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ साली कायदेमंडळात ही पद्धत बंद करा असा ठराव मांडला. सरकारी बहुमतानं तो पाडला. १९१७ला भरती थांबली, तीही महायुद्धात माणसं हवी होती तेव्हा.

सरांना एक विचार. इटलीचे मजूर स्वतःच्या गावचा हंगाम उरकून आर्जेन्टिनात कापणीला जात, कारण तिकडे ऋतू उलटे. कापणी झाली की परत. त्यांना लोक पाकोळ्या म्हणत. पाकोळ्यांनी स्वतःचं भाडं स्वतः भरलं होतं, म्हणून भाव पडला की त्या दुसऱ्या झाडावर बसत. कोयत्याला ते जमतं का?

आमचे पूर्वज गुजरातेतून आले असं वडीलधारे सांगतात. ते व्यापाराला आले की पळून आले?
— एक वाचक, रावेर

शेतीला आले, असं धरून चाला. तापीकाठची काळी जमीन आणि कसणारे हात कमी, ही खान्देशाची जुनी रड. कधी फौजांनी तुडवलं, कधी पावसानं दगा दिला. १८०२ला होळकरांच्या फौजा आल्या, पाठोपाठ दुष्काळ; १८१८ला इंग्रज आले तेव्हा गावंच्या गावं ओस होती. अशा पडीक जमिनीवर माणूस आणायला राज्यकर्ते इस्तावा द्यायचे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरवर्षी थोडा चढता, काही वर्षांनी पूर्ण. म्हणजे तुमच्या पूर्वजांचं भाडं राजानं भरलं, साऱ्यात सूट देऊन. तुमचं घराणं नेमकं कोणत्या शतकात आलं, हे भाटाच्या वहीवरून मला विचारू नका.

नाना, तुम्ही सुरतेला गेलेल्यांचं कौतुक करता. आमच्या कापसाला वेचायला माणूस मिळत नाही. केळीचा घड कापायला माणूस मिळत नाही. पोरं सुरतेला जाऊन लूमपुढे उभी राहतात, इथे शेतात यायला लाज वाटते. याला काही उपाय?
— एक शेतकरी, चोपडा तालुका

जिभाऊ, तुमची तक्रार फार जुनी आहे, सहाशे-सातशे वर्षांची. इंग्लंडात १३४८च्या प्लेगनं माणसं मेली, मजूर महागला, उरलेले जास्त मजुरी देणाऱ्या गावाला जाऊ लागले. जमीनदार राजाकडे रडत गेले. १३५१ला कायदा झाला: मजुरी प्लेगच्या आधीच्याच दरानं, आणि धनी सोडून जायचं नाही. उपयोग झाला? थोडे दिवस दंड वसूल झाले. मजूर रात्री निघून जायचा, आणि त्याला जास्त दर देऊन ठेवून घेणारा शेजारचा जमीनदारच असायचा.

तुमचं पीक कापूस, म्हणून कापसाचंच दुसरं उदाहरण देतो. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस वेचणारे हात काळ्या माणसांचे. १९१४ला अमेरिकेत युरोपातून आणि इतरत्रून बारा लाखांवर माणसं आली होती. युद्ध पेटलं आणि पुढच्या वर्षी सव्वातीन लाखांवर आकडा आला. उत्तरेच्या कारखान्यांना माणूस मिळेना. त्यांनी दक्षिणेत एजंट धाडले, आणि काही जणांचं भाडं रेल्वेनं, कारखान्यानं भरलं. तिकडे बोंडात सोंडकिडा शिरलेला, पीक गेलेलं. वर जातीचा जाच, झाडाला लटकवून मारणं. १९१६ ते १९७० या काळात साठ लाखांच्या आसपास माणसं दक्षिण सोडून गेली. मळेवाल्यांनी काय केलं? जॉर्जियातल्या मेकन शहरानं मजूर नेणाऱ्या एजंटाला पंचवीस हजार डॉलरचा परवाना लावला. स्टेशनावर पोलिस उभे करून माणसं गाडीतून उतरवली. गर्दी वाढतच गेली. (त्याच सोंडकिड्याचं अलाबामातल्या एंटरप्राइज गावानं १९१९ साली स्मारक उभारलं, कारण त्याच्या त्रासानं गाव भुईमुगाकडे वळलं आणि सुखी झालं. आपल्याकडे गुलाबी बोंडअळीचा पुतळा कोणी उभारेल असं वाटत नाही.)

आता तुमच्या शेतावर या. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, कोण आहे तुमचा? चोपडा, यावल, रावेरला मी जिथे जिथे गेलो, तिथे सालदार पावरा, बारेला आदिवासी. सातपुड्यातला, नाहीतर सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या सेंधवा-बडवानीकडचा. तुमच्या गावची पोरं सुरतेला गेली तेव्हा मागची जागा सातपुड्यानं भरली. तो आखाजीला साल ठरवताना उचल घेतो, त्याची बाई कापूस वेचते, पोरं खळ्यात खेळतात. म्हणजे तुम्हाला माणूस मिळतो. तुमच्या वडिलांच्या वेळच्या भावात मिळत नाही, एवढंच. आणि सालदाराचं साल कशातून दिलं जातं? माझ्या खिडकीवर आखाजीच्या आधी मनिऑर्डरी वाढायच्या, आणि त्या पैशावर साल ठरायचं. सुरतेतल्या पोरानं लूमपुढे उभं राहून बापाच्या शेतात पावऱ्याला कामाला लावलं, असा तो हिशेब.

लाजेचं म्हणाल तर माझं मत वेगळं आहे. लूमवर महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार होतो. शेतात पाऊस झाला तर होतो. त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो, आणि तुम्हीही.

उपाय विचारलात. वेचणीचा दर वाढवा, राहायला पत्र्याची का होईना बरी खोली द्या, आणि पाण्याचा नळ खोलीच्या जवळ घ्या. तुमच्या शेजाऱ्यानं हे केलं की तुमचा माणूस त्याच्याकडे जाणार आहे, तेव्हा आधी तुम्हीच करा.

तुमच्या घरातलं कोणी गेलं होतं का? भाडं कोणी भरलं?
— एक वाचक, धुळे

माझा धाकटा भाऊ, १९७३ साली. आमची आई म्हणायची, ‘पोट जठे लई जाई तठे जानं पडस.’ मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तिकीट आणि पहिल्या महिन्याची खानावळ धरून ऐंशी रुपये मी दिले. तीन महिन्यांत परत करतो म्हणाला. आज त्याचं उधन्याला दुमजली घर आहे, दोन नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत. गेल्या दिवाळीला आला होता, तेव्हा जेवताना हळूच ऐंशी रुपयांचा विषय काढला. हात न थांबवता म्हणाला, ‘तू पोष्टमा व्हता ना? मी मनिआर्डर करेल व्हती. तपास कर.’